आदल्या रात्रीचा उंडा

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येऊ लागतात संध्याकाळी साडेपाच-सहाला. कैरीची डाळ आणि पन्हं ठरलेलंच. त्याच्या जोडीला हल्ली अळूवडी किंवा कोथिंबीर वडी, एखादा तळणीचा पदार्थ, हिरव्या चटणीची सँडविचं, मुलांसाठी शेवपुरी असा बेत वाढत जातो. चाळीस-पन्नास जणींचं हे सगळं एका दिवसात उभं करायचं, वर गौरीपुढची आरासही मांडायची, तर दोन हात पुरत नाहीत. म्हणून आदल्या रात्रीच निम्मं काम उरकायचं असं ठरतं. पण निम्मं म्हणजे कोणतं निम्मं? भोपाळच्या टी. टी. नगरात हा प्रश्न जरा जास्तच कडक होतो. एप्रिलच्या अखेरीस तिथं दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि रात्रीसुद्धा ओट्यावरचं पातेलं लवकर निवत नाही.

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या रामचंद्र पांडुरंग टोपे यांचं नाव या वस्तीला दिलेलं आहे, पण बोलताना सगळे ‘टीटी नगर’च म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर अशा ठिकाणांहून सरकारी नोकरदारांचे संसार इथं येऊन पडले. त्यांत मराठी घरं पुष्कळ होती. सरकारी क्वार्टर, जवळ न्यू मार्केट, आणि चैत्रात व संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकू. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात क्वार्टरांच्या कितीतरी ओळी पाडल्या गेल्या, माणसं शहरभर पांगली. पदार्थ मात्र तेच राहिले, आणि ‘आम्ही सगळं रात्रीच करून ठेवायचो, कधी काही झालं नाही’ हे वाक्यही.

हे वाक्य खोटं नसतं, फक्त त्यातला ऋतू गळालेला असतो. संक्रांतीच्या सुमाराला भोपाळमध्ये रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. खिडकीजवळचा ओटा तेव्हा जवळजवळ फ्रीजचंच काम करतो. तीच सवय चैत्रात चालवली तर पदार्थ सबंध रात्र तीस अंशांत बसतो. दोन्ही रात्रींना आपण ‘आदली रात्र’ म्हणतो, पण जिवाणूंच्या दृष्टीने त्यांत काही साम्य नाही.

जिवाणूंकडे पुढे येऊच. आधी चवीचं आणि पोताचं पाहू, कारण बहुतेक घरांत ‘आधी करून ठेवलेलं’ फसतं ते तिथंच. वडी कडक होते, सँडविच ओलं होतं, पुरी मऊ पडते, चटणी काळवंडते. चार पदार्थांची ही चार वेगळी दुखणी वाटतात, पण चौकशी केली की जवळपास प्रत्येक वेळी पाणी सापडतं. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेलं असतं, किंवा जागच्या जागी राहून कुणाशी तरी वेगळ्या पद्धतीने बांधलं गेलेलं असतं. पदार्थ आदल्या दिवशी कोणत्या टप्प्यावर थांबवायचा, हे त्यातल्या पाण्याला विचारून ठरवावं लागतं.

या बाबतीत आपल्याकडचा सगळ्यात शहाणा पदार्थ म्हणजे वडी. अळूची असो वा कोथिंबिरीची, ती मुळातच दोन बैठकींत होते. पहिल्या बैठकीत पीठ कालवून, पानांना लावून किंवा कोथिंबिरीत मळून उंडे वाफवायचे. दुसऱ्या बैठकीत कापायचे आणि तळायचे. या दोन बैठकींच्या मध्ये रात्र घालता येते. नुसती घालता येते असं नाही, घातलेली बरी असते. चाळणीतून नुकताच काढलेला उंडा कापून बघा. सुरीला बेसन चिकटतं, अळूचे पदर सरकतात, कडा फाटतात. तोच उंडा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी कापला तर सुरी सरळ उतरते आणि आतली चक्रं कोरल्यासारखी दिसतात. उंडा ‘गार झाला’ एवढ्याने याचा उलगडा होत नाही. रात्रभरात आत काहीतरी घडलेलं असतं.

बेसनात प्रथिनं भरपूर आणि स्टार्चही बराच. कच्च्या पिठात हा स्टार्च घट्ट दाण्यांच्या रूपात असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान दाणे पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली शिस्त मोडते आणि लांब साखळ्यांचे काही रेणू बाहेर पडतात. या रेणूंचे दोन प्रकार. सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन. पदार्थ निवू लागला की दोघेही पुन्हा एकमेकांशेजारी येऊन रांगा धरू लागतात. मधलं थोडं पाणी या रांगांत अडकतं, थोडं बाहेर ढकललं जातं. सरळ साखळीचा अमायलोज हे काम काही मिनिटांत, फार तर काही तासांत आटोपतो. फांद्या आड येत असल्यामुळे अमायलोपेक्टिनला दिवस लागतात.

डाळींच्या स्टार्चमध्ये अमायलोजचं प्रमाण गहू-तांदळापेक्षा जास्त असतं. गव्हात ते साधारण पाव हिस्सा, तर डाळींमध्ये बहुधा ३० ते ४० टक्के. म्हणूनच बेसन इतक्या झटकन धरतं. सुरळीच्या वडीचं पीठ शिजलं की नाही हे बघायला ताटलीच्या पाठीवर चमचाभर पसरून मिनिटभराने सोलून पाहतात. न चिकटता निघालं तर झालं. ती परीक्षा अमायलोजची असते. पीठ नीट शिजलं नसेल तर पुरेसा अमायलोज दाण्यांबाहेर आलेला नसतो, मग जाळं तयार होत नाही आणि पीठ ताटलीला धरून बसतं. पाटवडी थापायला घाई का करावी लागते, हेही यातच आलं.

मजा पुढे आहे. फ्रीजमधून काढलेली गार, टणक वडी तळली की ती आतून पुन्हा मऊ लागते, पण पिठाच्या लगद्यात परत जात नाही. अमायलोपेक्टिनच्या रांगा ५० ते ६० अंशांना वितळतात, त्यामुळे मऊपणा परत येतो. अमायलोजचं जाळं मोडायला मात्र १२० अंशांच्याही वरचं तापमान लागतं. कढईतलं तेल १७०-१८० अंशांवर असलं तरी वडीच्या आत पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभरीपलीकडे जात नाही. म्हणजे एकाच तळणीत एक बंध सुटतो आणि दुसरा टिकतो. ज्या सुगरणींनी ही दोन बैठकींची रीत बसवली त्यांना अमायलोज ठाऊक नव्हता. त्यांना सुरीला काय चिकटतं आणि काय नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

हीच रसायनक्रिया ब्रेडच्या बाबतीत वैरीण होते. ब्रेड वाळून शिळा होतो असा आपला समज असतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखवून दिलं की पाणी बाहेर जाऊ दिलं नाही तरीही पाव शिळा होतोच, आणि तो गरम केला तर पुन्हा ताज्यासारखा होतो. पुढे १९२०च्या दशकात डच संशोधक जे. आर. काट्झ यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, तर शिळ्या पावात स्टार्च पुन्हा स्फटिकासारख्या रांगा धरत असल्याचं दिसलं. या क्रियेला सगळ्यात मानवणारं तापमान गोठणबिंदूच्या जरा वरचं, म्हणजे थेट आपल्या फ्रीजमधलं. त्यामुळे फ्रीजमधला ब्रेड बाहेरच्या ब्रेडपेक्षा लवकर कोरडा आणि भुसभुशीत लागतो. फ्रीझरमध्ये ही हालचाल जवळपास थांबते, म्हणून तिथला ब्रेड बाहेर काढून गरम केल्यावर बरा लागतो.

तेव्हा सँडविचं आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये रचणं हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा. ब्रेड कडकही होतो आणि काकडी-टोमॅटोचं पाणी पिऊन मधोमध गिळगिळीतही. रात्री चटणी वाटून ठेवावी, बटाटे उकडून ठेवावेत, लोणी बाहेर काढायचं लक्षात ठेवावं. ब्रेडला हात सकाळनंतरच. लोणी मात्र कडेपर्यंत लावा. पाणी आणि स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे लोण्याचा सलग थर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरू देत नाही. मधे उघड्या राहिलेल्या जागांतून पाणी नेमकं शिरतं. काकडीला मीठ लावायचं ते अगदी शेवटी, कारण मीठ लागताच पेशींबाहेरची खारट बाजू आतलं पाणी ओढून घेते आणि दहा मिनिटांत ताटली भरते. भरलेली सँडविचं ओल्या पंच्याखाली झाकायची पद्धत चांगली आहे. चैत्रातली भोपाळची हवा इतकी कोरडी असते की कापलेल्या कडा बघता बघता वळतात. पण पंचा फक्त कडा वाचवतो. उकडलेला बटाटा भरलेली ही सँडविचं ओल्या फडक्याखाली दुपारभर ओट्यावर ठेवायची नाहीत, तासाभरात संपतील एवढीच करत राहायची.

चटणीत दोन अडचणी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कोथिंबीर वाटली की तिच्या फुटलेल्या पेशींतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार करू लागतात. लिंबू पिळलं तर आंबटपणामुळे ही विकरं मंदावतात. पण तोच आंबटपणा हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू काढून टाकतो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणजे लिंबू घातलं तर शेवाळी, नाही घातलं तर तपकिरी. यावर तोड अशी, की रात्री बर्फाचे दोन-चार खडे टाकून वाटायचं म्हणजे मिक्सरच्या पात्याची उष्णता लागत नाही, अरुंद तोंडाच्या बरणीत काठोकाठ भरायचं म्हणजे वर हवा उरत नाही, आणि लिंबू दुसऱ्या दिवशी वाढायच्या आधी पिळायचं. थंडीमुळे दोन्ही क्रिया सावकाश होतात. बर्फाच्या साच्यात चटणी गोठवून ठेवणाऱ्या घरांचं मला कौतुक वाटतं, पण खोबरं घातलेली चटणी गोठवून सोडवली की पाणी आणि चोथा वेगळे होतात, हे त्यांनाही एकदा कळतंच.

कुरकुरीत पदार्थांचं गणित सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निर्दय. पुरी, शेव, चिवडा यांत पाणी इतकं कमी असतं की त्यातला स्टार्च काचेसारख्या ताठ अवस्थेत असतो. दाबला की तुटतो, आणि तुटण्याचा आवाज आपल्याला आवडतो. थोडंसं पाणी शिरलं की ही ताठ अवस्था लवचीक होते आणि शेव वातड. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवतज्ज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना अन्नविज्ञानात रुजवली. मोकळ्या पाण्याचं हे माप शून्य ते एक असतं. शुद्ध पाण्याचं एक. वाफवलेल्या वडीचं एकाच्या अगदी जवळ. ०.८५ च्या खाली रोग पसरवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा नाही. रतलामी शेव बरणीत महिनाभर टिकते ती याच कारणाने, तिखट-लवंगेमुळे नव्हे.

त्यामुळे शेवपुरीचा कोरडा भाग चार दिवस आधी करा, आठ दिवस आधी करा, काही बिघडत नाही. फक्त पुऱ्या पुरत्या गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. गरम पुरीतून निघणारी वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि वरचा थर भिजवते. चैत्रात एक फायदाही आहे. त्या कोरड्या हवेत ताटात उघड्या राहिलेल्या पुऱ्यासुद्धा बराच वेळ कुरकुरीत राहतात. हाच बेत गणपतीत आखला तर भाद्रपदातली दमट हवा अर्ध्या तासात सगळं मऊ करून टाकते. पुरीवर बटाटा, चटणी, दही चढवणं हे पाहुणी समोर आल्यावरचं काम. आधी रचून ठेवलेली शेवपुरी म्हणजे निव्वळ कष्टांची नासाडी.

बटाटावड्याचं सारण रात्री करून ठेवता येतं, आणि उकडलेला बटाटा रात्रभर गार राहिला की कमी चिकट होतो, गोळे सुबक वळतात. कच्चा कांदा मात्र त्यात रात्री घालू नये, मिठामुळे तो पाणी सोडतो. वरचं पीठ त्याच वेळी कालवायचं, सोड्याचे बुडबुडे रात्रभर थांबत नाहीत. फ्रीजमधून काढलेल्या गार गोळ्यावर हवेतली वाफ दंव धरते, मग पीठ निसटतं आणि तेल उडतं. गोळे कोरड्या बेसनात घोळवून घेतले की हे टळतं. मटारच्या करंज्या कच्च्याच भरून, एकमेकींना न चिकटता गोठवल्या तर सोडवायला न ठेवता तशाच मंद आचेवर तळाव्यात. सोडवल्या की पारी ओली होते. बटाट्याचं सारण मात्र गोठवू नये, सुटल्यावर ते स्पंजासारखं पाणी गाळतं. साबुदाणावडा तळून ठेवायचा विचारही नको, तासाभरात रबर होतो. दहीवड्याला हा त्रासच नाही. रात्री तळलेला वडा दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात टाकला की त्याच्या छिद्रांत पाणी शिरतं, थोडं तेलही बाहेर येतं, आणि तो अधिकच चांगला होतो. फक्त दह्यात मीठ-साखर आयत्या वेळी.

आता जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम थोडक्यात असा: शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवा, मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नको. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भोपाळच्या चैत्राला हा दुसरा नियम लागू. मानवणाऱ्या वातावरणात कित्येक जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. रात्री अकराला पातेल्यात एकच जिवाणू होता असं धरलं, तरी सकाळी सहाला हिशोब वीस लाखांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात सुरुवात एकापासून होत नसते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘तळणार तर आहोतच, त्यात सगळं मरतं.’ जिवाणू मरतात, हे बरोबर. पण काही जिवाणू वाढताना विष टाकून जातात आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. हाताच्या कातडीवर, नाकात, कापलेल्या बोटाच्या जखमेत राहणारा स्टॅफिलोकोकस हा त्यातला एक. उकडलेले बटाटे सोलणारे हात त्याला सारणात नेऊन सोडतात. दुसरा बॅसिलस सिरियस. हा धान्यात, मसाल्यात, मातीत बीजाणूंच्या रूपात असतो आणि हे बीजाणू शिजवण्यातून जिवंत वाचतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्याचे प्रकार लागोपाठ नोंदले गेले. आदल्या दिवशी शिजवलेला भात बाहेरच ठेवायचा आणि मागणी आली की परतून द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. भात परतताना जिवाणू मेले, त्यांनी रात्री तयार केलेलं विष तसंच राहिलं. उलट्या करणारं हे विष १२१ अंशांच्या प्रेशर कुकरलाही दाद देत नाही. आपल्या फोडणीच्या भाताने हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणून खरा प्रश्न निवण्याच्या वेगाचा आहे. गरम पदार्थ थेट फ्रीजमध्ये ठेवू नये असं आपण ऐकत आलो. पातेलंभर उकळता पदार्थ ठेवला तर शेजारचं दूध तापतं, हे खरं. पण म्हणून तो रात्रभर ओट्यावर ठेवणं हे त्याहून वाईट. घट्ट पदार्थातून उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, वेळ सुमारे चौपट. खोल पातेल्यात ठासलेलं पाच किलो बटाट्याचं सारण वरून गार लागतं आणि मधोमध मध्यरात्रीही कोमट असतं. हेच सारण दोन मोठ्या परातींत बोटभर जाडीने पसरलं तर पंख्याखाली अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागतं. परात हे आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं शीतक आहे, आणि ती बहुधा फडताळात उभी असते. वडीचे उंडेही जाडजूड न करता मनगटाएवढे करावेत. वाफ पुरी पोचते आणि गारही लवकर होतात. गार करताना जाळीवर ठेवून वर जाळीचंच झाकण. फ्रीजमध्ये घालताना डब्याच्या झाकणाखाली कोरडा पंचा ठेवला तर उरलीसुरली वाफ तो पितो आणि उंड्यावर थेंब गळत नाहीत.

कैरीच्या डाळीत वेगळीच गंमत. ती शिजवतच नाहीत. हरभऱ्याची डाळ भिजवायची, भरड वाटायची, कैरीचा कीस घालून वरून फोडणी द्यायची. कैरीचा आंबटपणा बऱ्याच जिवाणूंना वाढू देत नाही, हा तिचा अंगचा बंदोबस्त. कच्ची बाजू असते भिजवण्याची. चार-पाच तास पुरत असताना डाळ रात्रभर बाहेर पाण्यात ठेवली, तर चैत्रातल्या रात्री ती आंबू लागते. पाण्यावर फेस येतो आणि वास बदलतो. रात्री भिजवायचीच असेल तर भांडं फ्रीजमध्ये जावं. गार पाण्यात डाळ सावकाश फुगते, पण रात्रभरात पुरती भिजते. आणि कैरी लगेच घालावी, वाटलेली डाळ तशीच ठेवून ‘संध्याकाळी घालू’ असं म्हणू नये. पन्ह्याचा गर मात्र बिनघोर आधी करून ठेवा. आंबट, वर गुळाने दाट, तो फ्रीजमध्ये कित्येक दिवस राहतो.

उरतो तो शेवटचा तास, तळणीचा. पन्नास जणींच्या वड्या एकदम तळून ढीग घालण्याचा मोह होतो. तळलेल्या पदार्थात तेल मुख्यतः शिरतं ते कढईबाहेर आल्यावर. कढईत असताना आतली वाफ जोराने बाहेर पडत असते आणि तेलाला आत येऊ देत नाही. बाहेर काढलं की वाफेचं पाणी होतं, आत पोकळीत दाब घटतो आणि पृष्ठभागावर लोंबणारं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्याला कढईवरच दोन झटके देऊन निथळणं, आणि मग जाळीवर एकेरी पसरणं, याला मोल आहे. ढिगात तेल निथळत नाही आणि खालच्या वड्यांची वाफ वरच्यांना मऊ करते. फ्रीजमधल्या गार वड्या एकदम वीस टाकल्या तर तेलाचं तापमान कोसळतं. बुडबुडे मंदावतात, वाफेचा जोर उरत नाही, कड धरायला वेळ लागतो. वड्या कापून अर्धा तास बाहेर ठेवाव्यात आणि सात-आठच्या घाण्यांनी काढाव्यात. तळणाऱ्या बाईच्या वाट्याला हळदीकुंकू फारसं येत नाही, हा मात्र विज्ञानाने न सुटणारा भाग. घरातल्या एखाद्या पुरुषाला झारा धरता येत असेल तर हीच त्याची वेळ.

आणि सगळ्यात शेवटी डबे. आलेल्या प्रत्येकीला घरच्यांसाठी थोडं बांधून द्यायची रीत आहे. आठ वाजता ताटात उरलेलं सँडविच, दही घातलेला वडा, दोन तास बाहेर असलेली बटाट्याची भाजी यांतलं काही डब्यात घालू नये. एखादी शहरातच पण लांब, पिपलानीला किंवा कोलारला जायची, घरी पोचून जेवायला दहा वाजतात. त्यापेक्षा चिवडा द्या, कोरड्या पुऱ्या द्या. फ्रीजमध्ये न तळलेला उंडा उरला असेल तर तो कागदात गुंडाळून द्या, आणि घरी पोचल्यावर आधी फ्रीजमध्ये ठेवून उद्या सकाळी तळायला सांगा.